हात न पसरता

गोरेगाव
जि. गोंदिया
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय रीता,

सप्रेम जयभीम. तू सलाम लिहायचा आणि मी जयभीम, हे हॉस्टेलात ठरलं होतं. ते मोडायचं कारण अजून मिळालेलं नाही.

पत्र पाहून नवल वाटेल. पण फोन केला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, तू "मोठ्यानं बोल" म्हणतेस, आणि जे मोठ्यानं बोलायचं नसतं तेच मला मोठ्यानं बोलावं लागतं. मोबाइलवर लांब लिहिलं तर तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून कागद.

डोळा ठीक आहे. मोतीबिंदू काढल्यावर तू मला तुझ्या घरी ठेवून घेतलंस, थेंब घातलेस, वाकू दिलं नाहीस, केस धुऊ दिले नाहीस. डॉक्टर तुझ्यापेक्षा मवाळ होता. आभार मानत नाही, तुला ते चालत नाहीत.

आता मूळ गोष्ट. इथे धानाची मळणी चालू आहे. संघदीपच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तो मला म्हणतो, "बाई, तू बस आरामात, काही करू नको." हे धाकट्या भावाचं प्रेम आहे, पण मला बसवत नाही. जेवून उठते आणि वाटतं, जेवायचं राहिलं. पुन्हा स्वयंपाकघरात जाते, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उघडते, भूक नसते, झाकण ठेवते. मागच्या आठवड्यात स्टँडवर गेले आणि समोर उभी होती त्या एसटीत बसले. कंडक्टर निघाली दुर्गा, माझी जुनी विद्यार्थिनी. "बाई, कुठचं तिकीट देऊ?" मी म्हटलं, शेवटचं दे. इटियाडोहापर्यंत गेले, धरणाचं पाणी पाहिलं, त्याच गाडीनं परत आले. काम काहीच नव्हतं.

नवरा गेला तेव्हापासून असं असेल म्हणशील. नाही. तो होता तेव्हाही होतं, फक्त शाळा होती म्हणून कळलं नाही. विहारात जाते, शिबिरालाही जाऊन आले. तिथे काही उणं नाही. उणं माझ्यात आहे. बुद्धानं तृष्णा ओळखायला शिकवलं. मी प्रामाणिकपणे शोधते आहे, पण ही तृष्णा कशाची, तेच ओळखू येत नाही. जिचं नाव माहीत नाही ती सोडायची कशी?

तुझ्या स्वयंपाकघरात ते मंडळीचं, म्हणजे तुमच्या चर्चचं, कॅलेंडर आहे. डोळ्याला पट्टी होती तेव्हा दुसऱ्या डोळ्यासमोर आठवडाभर तेच होतं. त्यावर येशूचं म्हणणं छापलं आहे की तो स्वतःच भाकर आहे आणि त्याच्याकडे येणारा पुन्हा उपाशी राहत नाही. असं कुणी स्वतःबद्दल म्हणू शकतं, याचाच मला धक्का बसला. तू जन्मापासून ख्रिस्ती. तुला विचारते, आणि गणिताच्या बाईला उत्तर सरळ लागतं.

तुझी भुक भागली का?

तुझी
अल्का


गोंदिया
२७ नोव्हेंबर २०२३

प्रिय अल्का,

सलाम.

पत्र मिळालं. "भुक" चुकलं. भूक दीर्घ आहे. तू गणित शिकवलंस हे खरं, पण शिकवलंस मराठी शाळेत.

एसटीत बसून धरणापर्यंत जाणं बंद कर. डोळ्याला वारा आणि धूळ लागते. थेंब अजून घालायचे आहेत.

तुझ्या प्रश्नाबद्दल. कॅलेंडरवरची एक ओळ वाचून मत बनवायचं नसतं. पुढचं-मागचं वाचावं लागतं. सोबत नवा करार पाठवते आहे, मोठ्या टाइपाचा. कुठून सुरुवात करायची तिथे खूण घातली आहे. क्रमानं वाच, उड्या मारू नकोस. शंका कागदावर लिही.

वाचण्याबरोबर पाहणंही हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची भाकर. ये. बाप्तिस्मा झालेलेच ते घेतात, तेव्हा तुला घेता येणार नाही, पण बसून पाहता येईल. गोंधळ काही नसतो. भाकर वाटायचं काम मंडळीनं निवडलेल्या वडीलमंडळींपैकी माझ्याकडे आहे. करोनात मी सगळी पद्धत नीट लावून दिली आणि ती मोडू दिलेली नाही. प्रत्येकाचा पेला वेगळा. भाकरीला हात लागत नाही. उपासना चालवणारे पाळकसाहेब आधी कुरकुरले होते, आता तेच पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात.

दुसऱ्या बाकावर बस, तिथून दिसतं. जेवायला घरी यायचं आहे.

रीता


गोंदिया
५ डिसेंबर २०२३

अल्का,

सलाम.

हे काय होतं? तू आलीस, दुसऱ्या बाकावर बसलीस, गाणी झाली, उपदेश झाला. मी वाटायला उभी राहिले. अर्धी रांग झाली आणि पाहते तो बाक रिकामा. मुन्नालाल आमच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत, त्यांनी सांगितलं, "दीदी, आपकी सहेली तो चली गईं." घरी कोंबडी शिजवून ठेवली होती, चिन्नोर तांदळाचा भात केला होता. एकटीनं जेवले.

डोळा दुखत होता का? तसं असेल तर ताबडतोब कळव, उशीर करू नकोस. की तुला घेता आलं नाही याचं वाईट वाटलं? आधीच लिहिलं होतं. नियम तुझ्यासाठी केलेला नाही, सगळ्यांसाठी आहे. तुला खरंच यायचं असेल तर पाळकसाहेब शिकवणीवर्ग घेतात. मी बोलते त्यांच्याशी.

उत्तर उलट टपालानं पाठव.

रीता


गोरेगाव
१८ डिसेंबर २०२३

प्रिय रीता,

सप्रेम जयभीम.

डोळा ठीक आहे. बस चुकेल असं वाटलं म्हणून उठले. गोंदियाहून रविवारी गाड्या कमी असतात. कोंबडी वाया गेली नाही ना, एवढंच पुरे.

शिकवणीवर्ग नको. तुमच्या मंडळीत पुन्हा येणार नाही. राग नाही. कारण विचारू नकोस.

पुस्तक मात्र वाचते आहे. तू सांगितलंस तसं क्रमानं नाही. उड्या मारते, मागे येते. हा माणूस मला झोपू देत नाही. ज्यांच्या घरी कुणी पाऊल ठेवत नाही त्यांच्या घरी जाऊन जेवतो. लोकांना जेवायला घालतो, तर आधी गवतावर बसवतो. पंगतीला बसवतात तसं. उभ्यानं हातावर देत नाही. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

संघदीपला पुस्तक दिसलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, बापानं एवढं घर बांधून देल्लं, तू कायले दुसऱ्याच्या वसरीत उभी होऊन राहिली?" मी म्हटलं, उभी नाही, वाचते आहे. तो म्हणाला, "वाचता वाचताच तं माणूस आत जाते." तेव्हापासून तो कमी बोलतो. रंजिता, त्याची बायको, मधल्या मधे आमचे निरोप पोचवते. एका घरात.

आणि मी अजून तशीच आहे. उलट जास्त. आधी भूक कशाची ते कळत नव्हतं. आता थोडं कळतं आणि तिथे जाता येत नाही.

भूक दीर्घ आहे, हे तू शिकवलंस. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाहीस. पुस्तक पाठवलंस.

अल्का


गोंदिया
३० डिसेंबर २०२३

प्रिय अल्का,

सलाम, आणि नाताळ व नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

गाडी चुकेल हे कारण मला पटलेलं नाही. तुझी गाडी कधी चुकलेली नाही. तुला लपवता येत नाही, तेव्हा लपवू नकोस.

मी स्पष्ट लिहिते. तुझी अडचण अभिमानाची आहे. हॉस्टेलापासून पाहते आहे. तुला कुणाकडून काही घ्यायला जमत नाही. पेरू दिला तर "ताटात ठेव." शेंगदाणे दिले तर "ताटात ठेव." आम्ही सगळ्या तळहातावर घेऊन खायचो आणि तुला ताट लागायचं. मीच तुझं नाव राणी ठेवलं होतं. आठवतं ना?

देवापुढे राणी चालत नाही. तिथे आपण सगळे भिकारी. गुडघे टेकायचे आणि हात पसरायचे, त्याशिवाय काही मिळत नाही. ज्याचा हात पसरत नाही त्याची भूक भागत नाही. हे मी लहान मुलांनाही असंच सांगते.

हात पसरायला शिक, अल्का. बाकी सगळं तुझ्याकडे आहे.

तुझी
रीता


गोरेगाव
९ फेब्रुवारी २०२४

रीता,

जयभीम.

महिनाभर तुला उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. रोज मनात लिहीत होते, म्हणून आता कागदावर लिहून टाकते.

माझा बाप कवडू. तू त्याला पाहिला आहेस. मला हॉस्टेलात सोडायला आला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि तुझ्या वडिलांशी उभ्यानं बोलला होता. तू म्हणाली होतीस, तुझे बाबा फार ताठ आहेत. तो ताठ का होता ते तुला कधी सांगितलं नाही. मला तो विषय नको असायचा.

तो लहान असताना त्याची आई दुसऱ्यांच्या खळ्यावर राबायची. दुपारी मालकाच्या घरची बाई भाकरी घेऊन यायची. ती ओट्यावर उभी राहायची, ही माणसं खाली. दोन्ही हात जोडून ओंजळ पसरायची आणि बाईनं वरून भाकर सोडायची. उंचावरून. हाताला हात लागू नये म्हणून. एकदा बापाच्या इवल्या ओंजळीतून भाकर निसटली आणि खळ्यात पडली. बाई म्हणाली, "उचल, तुझीच आहे." त्यानं उचलली, झटकली, खाल्ली. तो आम्हाला सांगायचा, "भाकर पोटात गेली, पण भूक तशीच राहिली. म्हातारा झालो, पण थे भूक गेली नाही."

छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि घरात एकच नियम केला. या घरात कुणी हात पसरायचा नाही. खायचं ते ताटात वाढायचं, ताट जमिनीवर ठेवायचं, ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचं. आईनंसुद्धा आमच्या हातावर गूळ ठेवायचा नाही. औषधाची गोळी आधी वाटीत, मग तोंडात. आजही संघदीपच्या घरी तेच आहे. त्याची नातवंडं चॉकलेटही ताटलीतून घेतात आणि त्यांना कारण माहीत नाही.

त्या रविवारी मी तुमच्या दुसऱ्या बाकावर होते. तिथून दिसतं, असं तू लिहिलं होतंस. दिसलं. माणसं कठड्यापाशी गुडघे टेकून बसली, दोन्ही हात पसरले. आणि तू वर उभी, पांढरी साडी, हातात चिमटा. एकेक तुकडा वरून सोडत होतीस. हाताला हात लागू नये म्हणून. एका म्हाताऱ्याचा हात कापत होता, तुकडा खाली पडला. तू काही वाईट बोलली नाहीस, मी ते पाहिलं. दुसरा दिलास. पण तोवर मी उठले होते.

हे स्वच्छतेसाठी होतं, मला कळतं. तुझ्या मनात काही नव्हतं, तेही कळतं. पण तू मला पत्रातून भिकारी हो म्हणून सांगतेस. रीता, आमचं घर ते सगळं करून चुकलं आहे. त्यानं पोट भरत नाही. आम्हाला माहीत आहे.

देवाची भाकर वरूनच टाकायची असते असं असेल, तर माझ्या बापानं ती माझ्या जन्माआधी नाकारली आहे. आणि मी भुकेली आहे म्हणून त्याचा नियम मोडणार नाही. पुस्तक परत पाठवायचं आहे, पण हातून सुटत नाही. हीच तर अडचण आहे.

अल्का


गोंदिया
५ मार्च २०२४

अल्का,

उत्तराला उशीर झाला. काय लिहायचं ते कळत नव्हतं. शिकवायची सवय आहे, आणि इथे शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मी कमिटीपुढे विषय मांडला. म्हटलं, चिमटा बंद करा. मुन्नालाल म्हणाले, "दीदी, चिमटा तो आप ही लाई थीं." बरोबर आहे. दुकानात जाऊन मीच निवडला होता, लांब दांड्याचा. मी कारण सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. दोघांना पटलं. बाकीचे म्हणाले, इतक्या वर्षांची चांगली सवय आहे, कुणाचं काय मनात येईल त्यावर मंडळी चालते का? मीही परवापर्यंत असंच बोलले असते, याच शब्दांत.

म्हणून या रविवारी मी वाटायला उभी राहिले नाही. मागे बसले आणि रांगेत गेले. चिमटा आणल्यापासून मी सगळ्यांना वाटून झालं की शेवटी स्वतःच्या हातानं घ्यायचे. खालून कधी पाहिलंच नव्हतं. गुडघे टेकले, हात पुढे केले, आणि वर मुन्नालाल. भला माणूस आहे. पण तुकडा सुटला तेव्हा माझं डोकं आपोआप खाली गेलं. चिमट्यासमोर गेलं ते, प्रभूसमोर नाही. मी तो तुकडा खाल्ला नाही. रुमालात बांधून घरी आणला. असं मी आयुष्यात केलेलं नाही. तो डब्यात ठेवला आहे. काय करायचं ते माहीत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी तो टाळला, कारण उत्तर नव्हतं. अल्का, मला भूक कधी लागलीच नाही. वडील पाळक, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, ताट नेहमी पुढे वाढलेलं. मी वेळेवर जेवत आले, जसं घड्याळाकडे पाहून जेवतात. भागली का म्हणून विचारशील तर आधी लागावी लागते.

तुझं पत्र आल्यापासून लागली आहे. घरात बसवत नाही. काल कपाटं आवरली आणि पुन्हा विस्कटली. गाणी पाठ आहेत म्हणून गाते, आणि मधेच थांबते. या वयात हे काय लागलं मागे, असं वाटतं. तुला "हात पसर" म्हणून लिहिलं ते परत घेते. लिहिलेलं परत येत नाही हे माहीत आहे.

पुस्तक ठेव. परत पाठवू नकोस.

रीता


गोरेगाव
१९ मार्च २०२४

प्रिय रीता,

सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रात सलाम नव्हता. पहिल्यांदा विसरलीस. मग पाहिलं तर माझ्या मागच्या पत्रात "प्रिय" नव्हतं. फिटंफाट.

तो तुकडा डब्यात ठेवू नकोस, मुंग्या लागतील. पाखरांना घाल.

मी पुन्हा एसटीत बसले होते. ओरडू नकोस, चष्मा लावला होता. दुर्गाची गाडी होती. तिनं तिकीट विचारलंच नाही, शेजारी येऊन बसली. "बाई, तुमी गाडीत काऊन फिरून राहिल्या? घरी काही झालं का जी?" मी तिला सांगितलं. शाळेत मी तिला कधी मोकळं हसूही दिलं नव्हतं आणि आता धावत्या गाडीत सगळं सांगून बसले. ऐकून ती म्हणाली, "तुमी आमच्या गावी, सौंदडले उतरा. रविवारी आमच्या घरी या." मला माहीत नव्हतं, रीता. ती, तिचा नवरा भैयालाल आणि आजूबाजूची चार घरं तिच्या वसरीत येशूच्या प्रार्थनेला जमतात. पाळक महिन्यातून एकदा येतो. एरवी हीच माणसं.

गेले. खाली सतरंजी. सगळे गोल बसले. उंच कुणी नाही, उंच बसायला काही नव्हतंच. मधोमध एक स्टीलचं ताट आणि त्यात भाकर. तांदळाच्या कणीची. गिरणीत जे तांदूळ तुटून निघतात त्यांची. आमच्याकडे तांदूळ संपत आले की कणीची भाकर व्हायची. मी दुर्गाला हळूच विचारलं, वाढतं कोण? ती म्हणाली, "कोणी नाही जी. वाढणारा वाढून गेला. आता आपण फक्त बसाचं अन् घ्याचं."

मी त्या दिवशी घेतली नाही. नुसती बसले. लोक ताटाकडे वाकून आपापला तुकडा तोडत होते आणि शेजाऱ्याकडे ताट सरकवत होते. ते माझ्यापुढे आलं, मी पुढे सरकवलं. भैयालालनं ते घेतलं आणि पुढे दिलं. बाप्तिस्मा झाला का, असंही इथे कुणी विचारत नाही.

घरी येऊन त्या शेवटच्या जेवणाचं पुन्हा वाचलं. तू खूण घातली होतीस ती भलत्याच पानावर. भाकर मोडायच्या रात्रीच तो उठतो, अंगरखा काढतो, कमरेला फडकं बांधतो आणि घंगाळात पाणी घेऊन एकेकाच्या पायापाशी बसतो. मी वाचत होते आणि मला ओट्यावरची बाई दिसत होती. ती उभी आहे आणि हा खाली बसला आहे. मला वाटत होतं देव ओट्यावर असणार. तो खळ्यात निघाला, रीता. माझ्या बापाच्या बाजूला.

पुढच्या गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, दुर्गाकडे संध्याकाळी भोजन आहे. तू ये. एकटी गेले तर पुन्हा ताट पुढे सरकवीन.

अल्का


गोंदिया
२३ मार्च २०२४

प्रिय अल्का,

सलाम.

येते. पण त्या दिवशी आमच्याही मंडळीत उपासना आहे आणि माझं नसणं सगळ्यांना दिसेल. दिसू दे.

कणीच्या भाकरीबद्दल तीन वर्षांपूर्वी एका गावातून विचारणा आली होती. मी लेखी कळवलं होतं की प्रभुभोजनाला गव्हाचाच पाव हवा. आता तूच ठरव, हसायचं की काय करायचं.

माझ्या मशीनची बॅटरी गोंदियात मिळत नाही, नागपूरहून मागवली आहे. वेळेवर आली नाही तर मला काही ऐकू येणार नाही. तरी येते. सतरंजीवर बसता येईल, गुडघे दुखतात म्हणून उठवायला मात्र कुणीतरी लागेल.

रीता


गोरेगाव
३ एप्रिल २०२४

प्रिय रीता,

सप्रेम जयभीम.

तुला काही ऐकू आलं नाही हे तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. सगळे उभे राहिले तेव्हा तू बसलीस आणि बसले तेव्हा उभी राहायला लागलीस. म्हणून जे झालं ते लिहून कळवते.

दुर्गानं पाय धुण्याचं वाचलं. अडखळत वाचते, शाळेतही तसंच वाचायची. मग भैयालालनं प्रार्थना केली, अर्धी हिंदीत, अर्धी आमच्या बोलीत. म्हणाला, "प्रभू, आमी भुके हावो, तुले माहीत हाये. तूच वाढलं, आमी जेवतो." एवढीच प्रार्थना. तू डोळे मिटले होतेस म्हणून तुला वाटलं असेल की ती लांब चालली आहे.

ताट फिरत माझ्यापुढे आलं. मी जमिनीवर ठेवलं, बापाच्या नियमाप्रमाणे. स्वतःच्या हातानं तुकडा तोडला. हात पसरला नाही. कुणी दिलं नाही, वरून काही पडलं नाही. तरी ते दिलेलं होतं, हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट कळलं की गणिताच्या बाईला सिद्धता लागली नाही. कोरडी होती, मिठाची. मी ती सावकाश चावली. बापाच्या तोंडात मातीची जी भाकर राहिली होती, ती माझ्या तोंडात इतकी वर्षं होती, असं वाटलं. ती गेली. येशू म्हणतो ते खरं आहे, रीता. मी तपासून सांगते आहे.

मग ताट तुझ्यापुढे सरकवलं. तुझ्या गुडघ्यांमुळे तुला पुढे वाकता येईना. तू एकदा प्रयत्न केलास, आणि मग माझ्याकडे पाहून हात पसरलास. दोन्ही. ओंजळ. तुझ्या सवयीनं केलंस तू. मी तुझ्यासाठी ताटातून तुकडा तोडला, आणि तो पसरलेला हात पाहून थांबले. आता मी वरून ठेवायचं? मी? तेव्हा काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, हात खाली नेला आणि तुझ्या ओंजळीच्या बाजूला, तिच्याहून खाली धरला. म्हणजे तू तो उचलून घ्यावास. तू उचललास. तुझी बोटं माझ्या तळहाताला लागली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत माझ्या हातावरून तू काही उचलून खाल्लंस असं आधी झालं होतं का? मला आठवत नाही.

रात्री घरी आले. संघदीप अंगणात वाट पाहत होता. "घेतली?" मी म्हटलं, घेतली. "हात पसरला?" नाही, ताटातून घेतली, आपल्या हातानं, खाली बसून. त्यानं अंगणातली खाट उचलून भिंतीला लावली. मग म्हणाला, "भात ठेवला हाये." आत निघून गेला. ताटात वाढलेलं होतं, झाकून. हे त्याचं होय आहे की नाही, अजून कळत नाही. रंजिता म्हणते, विचारू नका. जयभीम तो घेतो, पण पूर्वीसारखा डोळ्याला डोळा देत नाही. ते दुखतं. भूक भागली म्हणजे दुखणं संपतं असं कुणी सांगितलं नव्हतं, नाही का?

मी भात जेवले. उठले, आणि पातेल्याचं झाकण उघडायला गेले नाही.

बाप्तिस्म्याचं विचारशील. घाई करणार नाही. संघदीप माझ्याकडे पाहू लागेपर्यंत थांबेन, त्याला सांगून जाईन, चोरून नाही. पण मी दुर्गाला विचारून ठेवलं आहे. इटियाडोहाच्या पाण्यात पाळक माणसाला मागे निजवतात आणि वर उचलतात. पुढे वाकवत नाहीत. मग ठीक आहे.

अल्का


गोंदिया
९ एप्रिल २०२४

प्रिय अल्का,

सलाम.

बॅटरी आली. आता ऐकू येतं, आणि आता ऐकण्यासारखं काही नाही. मुन्नालाल रागावलेले आहेत. रविवारी उपासनेआधी कमिटी पुन्हा बसली. मी म्हटलं, एकतर चिमटा जाईल नाहीतर मी वाटायचं काम सोडते. दोन्ही झालं. चिमटा गेला आणि काम मुन्नालालकडे गेलं. आता ते हातानं देतात, थोडे अवघडून. तू पाहिलास त्या म्हाताऱ्या सायमनच्या हाताखाली त्यांनी आपला हात धरला, कापतो म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मागच्या बाकावरून पाहिलं.

तुझ्या पत्रात चूक नाही. शोधली. "मिठाची" बरोबर आहे. ती मिठाची होती.

तुझा पहिल्या पत्रातला प्रश्न. लिहिते, आणि पुन्हा विचारू नकोस. तुझ्या तळहातावरून जो तुकडा उचलला तो पहिला. आधीचे सगळे मी जेवले, पण तो मी खाल्ला. घरी आल्यावर वडिलांच्या फोटोपाशी बसले आणि प्रार्थना पाठ नसल्यासारखी केली. भागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लागली, आणि मला भीती वाटली नाही. ताट कुठे ठेवलं आहे ते माहीत आहे.

संघदीपसाठी रोज प्रार्थना करते. त्याला सांगू नकोस, चिडेल. पुढच्या वेळी गोरेगावला येईन तेव्हा त्याच्या घरी जेवीन. ताटात, खाली बसून. मला उठवायला त्यालाच सांग.

रविवारी सौंदडला येते आहे. दुर्गाला सांग, सतरंजीवर माझ्यासाठी पाट नको.

चिमटा मी घरी घेऊन आले. वांगी भाजायला बरा आहे.

तुझी
रीता